एकाच गंजातल्या लाह्या

आमच्या घरी मगरिब आणि इशाच्या मधला वेळ लाह्यांचा असतो. मुलं अभ्यासाला बसलेली, मी वह्यांचा गठ्ठा घेऊन, हे दुकानातून नमाजसाठी आलेले, आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तख्तावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. सगळ्यांच्या मध्ये जर्मनचा मोठा गंज आणि त्यात गरमागरम मक्याच्या लाह्या. मुलं त्याला पॉपकॉर्न म्हणतात. अम्मींच्या तोंडी लाह्याच. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. पण गंज मधे आला की दोघांचं भांडण पहिलीतल्या पोरांसारखं.

लाह्या मी फोडायची आणि मीठ अम्मी टाकायच्या, अशी आमची वाटणी होती. अम्मींचा हात मिठाला सढळ. जुन्या माणसांसारखी त्यांनाही जेवायला बसताना आधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायची सवय. सालन कितीही चांगलं झालं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बहू, नमक ज़रा कम है."

२०२४ च्या डिसेंबरात एके पहाटे अम्मी फजरच्या वजूला उठल्या आणि भोवळ येऊन भिंतीला टेकल्या. पडल्या नाहीत, अल्लाहचं करम. दवाखान्यात नेलं तर बीपी १८० वर १०० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि मग टेबलावरचा चहाचा चमचा उचलून दाखवला. "हा सपाट भरला की साधारण पाच ग्रॅम. दिवसभराचं सगळं मीठ याच्या आत. भाजी, पोळी, लोणचं, पापड, सगळं धरून."

घरी आल्यावर मी ते शिक्षिकेच्या काटेकोरपणाने अमलात आणलं. अम्मींचं सालन वेगळ्या वाटीत काढायचं, त्यांची कणीक वेगळी मळायची, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आणि संध्याकाळी लाह्या झाल्या की त्यांच्यासाठी एका स्टीलच्या कटोऱ्यात बिनमिठाच्या लाह्या बाजूला. बाकी गंजात मीठ टाकून आम्ही चौघं.

पहिल्या दिवशी अम्मींनी चार दाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी दोन. "कापसासारखं लागतंय," म्हणाल्या. आमच्या जिल्ह्यात कापसाचं नाव रोजच तोंडात असतं, त्यामुळे मुलं हसली. मीही हसले.

आठवड्याभराने चादर बदलताना अम्मींच्या उशीखाली कागदाची पुडी सापडली. वहीच्या पानाची, चौकोनी दुमडलेली, आत मीठ. वहीचं पान कोणाचं ते मला लगेच कळलं, कारण त्या पानावर माझ्याच मुलाचं सहावीचं गणित होतं. दादीने मागितलं आणि नातवाने प्रेमाने आणून दिलं. मी मुलाला रागावले ते रागावलेच, पण त्याच्या समोरच अम्मींनाही बोलले, "अम्मी, तुम्हाला काही झालं तर धावपळ आम्हालाच करायची आहे."

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी लाह्या झाल्या तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत आल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. कटोरा भरलेला राहिला, लाह्या नरम पडल्या. ज्या घरात चाळीस वर्षं सगळ्यांना वाढलं, त्या घरात आपलं भांडं वेगळं निघालं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मिठाचं दुःख मला दिसत होतं, कटोऱ्याचं दिसत नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत सगळ्या देशात पॉपकॉर्नचीच चर्चा होती. २१ डिसेंबरला जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२ टक्के आणि साखरेच्या कॅरॅमल पॉपकॉर्नला १८ टक्के कर, असा खुलासा आला. आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विनोद चालला. सगळे हसत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो स्टीलचा कटोरा.

वाट काढली ती मुलीने, तीही हिशेबातून. डॉक्टरांचा चमचा तिने ऐकला होता. तिने विचारलं, "मम्मी, आपल्याकडे मिठाचा पुडा किती दिवस जातो?" एक किलोचा पुडा साधारण पंचवीस दिवस. तिने वहीत मांडलं: १००० ग्रॅम भागिले २५, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. माणसं पाच, म्हणजे प्रत्येकी ८ ग्रॅम. थोडं वाया जातं ते सोडा, पण लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यात आलेलीच नाहीत. मग ती म्हणाली, "पाच ग्रॅम फक्त दादीसाठी आहे का?"

नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रत्येक प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असाच आहे, मुलांसाठी तर त्याहूनही कमी. म्हणजे पथ्याचा कटोरा पाचही जणांचा होता आणि आम्ही तो एकट्या अम्मींच्या पुढे ठेवत होतो. एका दस्तरखानावर बसून एकत्र खाण्यात बरकत असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी वर्गात सांगतेही. घरात मात्र मी उलटं करत होते.

त्या रात्री ठरवलं की कटोरा बंद. गंज एकच राहील आणि त्यात मीठ पडणार नाही. पण नुसतं मीठ काढून घेतलं तर सगळ्यांचीच तोंडं वाकडी होणार. मिठाच्या जागी काहीतरी यायला हवं होतं. सुरुवात लाह्यांपासूनच केली, कारण डाळ-भाजीत मीठ शिजताना मुरतं, पोळीत ते कणकेबरोबर जातं. लाहीचं तसं नाही. लाही स्वतः कोरी असते, तिच्यावर आपण जे टाकू तेवढंच. मीठ वगळायचा सराव करायला याहून सोपा पदार्थ नाही.

आधी लाही नीट फुटली पाहिजे. मक्याच्या त्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं आणि त्याचं टरफल घट्ट असतं. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याची वाफ टरफल फोडून बाहेर येते आणि आतलं पीठ फुलून पांढरं फूल होतं. दाणे उघड्या डब्यात राहून सुकले तर वाफच तयार होत नाही आणि तळाशी टणक दाणे उरतात. म्हणून मका घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचा. भाजीबाजारातलं कणीस सोलून त्याच्या लाह्या होत नाहीत, त्यासाठी लाह्यांचाच मका लागतो.

जाड बुडाच्या गंजात दोन मोठे चमचे तेल तापवायचं, तीन दाणे टाकायचे. तिन्ही फुटले की अर्धी वाटी दाणे घालून झाकण ठेवायचं, गंज अर्धा मिनिट खाली उतरवायचा आणि पुन्हा मध्यम आचेवर ठेवायचा. त्या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि मग एकदमच फुटतात. झाकण किंचित कलतं ठेवायचं म्हणजे वाफ निघून जाते, नाहीतर लाही चिवट होते. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की उतरवायचं. चार-पाच जणांना एवढ्या लाह्या पुरतात.

आता मसाल्याचं. दोन दिवस मी फसले. पहिल्या दिवशी तिखट गरम तेलात टाकलं, ते जळलं आणि सगळं घर खोकत बसलं. दुसऱ्या दिवशी लिंबू पिळलं तर लाह्या आक्रसून चोथा झाला. त्यातून तीन गोष्टी शिकले. मसाला कोरडा हवा. तो पिठासारखा बारीक हवा, जाडसर असला तर सगळा तळाशी जातो. आणि तो चिकटायला लाह्या गरम असतानाच वरून चमचाभर तूप फिरवायला हवं. बाजारच्या बटरमध्ये बहुतेक वेळा मीठ असतं, म्हणून घरचं तूप. हळद मात्र चिमूटभर तेलातच टाकली तरी चालते, रंग छान येतो.

पहिला जमला तो आमचूरचा मसाला. दोन चमचे आमचूर, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा मिरपूड. आंबट चव जिभेवर आली की मीठ नसल्याचं लवकर लक्षात येत नाही. आमचूर नसेल तर अनारदाणा वाटून घ्या. दुसरा पुदिन्याचा. पुदिन्याची पानं सावलीत कडक वाळवायची, हाताने चुरायची, त्यात थोडं आमचूर. मुलांना हा फार आवडला.

तिसऱ्याला मी बिर्याणी लाही म्हणते. ईदला किंवा दावतीला बिरिस्ता तळतो, त्यातला मूठभर बाजूला ठेवायचा. कांदा कडक तळलेला आणि पूर्ण गार झालेला असावा. तो चुरायचा, त्यात भाजलेल्या धण्यांची पूड आणि नखभर गरम मसाला. डब्याचं झाकण उघडलं की दावतीचा वास येतो. हा जास्त दिवस टिकत नाही, दोन-तीन दिवसांत संपवावा.

चौथी लसणाची फोडणी. दोन चमचे तुपात ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची मंद आचेवर परतायची. लसूण बदामी झाला की तूप गाळून लाह्यांवर फिरवायचं, कढीपत्ता चुरून वर टाकायचा. मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी गोड लाही: अर्धी वाटी गूळ चमचाभर तुपात वितळवायचा, पाक पाण्यात टाकला की कडक गोळी झाली पाहिजे, मग सुंठ-वेलची घालून लाह्या त्यात भराभर घोळवायच्या. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी यापासून दूर राहावं.

हे सगळं करत होते, पण अम्मी अजून आतल्या खोलीतच होत्या. शेवटी मीच जाऊन त्यांच्यापाशी बसले. पुडीवरून मुलांसमोर बोलले ते चुकलं, असं सांगितलं. मोठ्या माणसांची माफी मागणं अवघड नसतं, आपण उगाच लांबवतो. मग म्हटलं, "अम्मी, मला जवसाचा मसाला जमत नाहीये. तुम्ही सांगाल का?" यात खोटं काहीच नव्हतं. माझा जवस एकदा कच्चा राहिला होता आणि एकदा करपला होता.

अम्मी उठल्या. हावनदस्ता मागवला. जवस कोरडा भाजायचा, तडतडायला लागला की लगेच उतरवायचा. सुकी मिरची, जिरं आणि सालासकट लसूण वेगवेगळं भाजायचं. आधी मिरची कुटायची, जवस शेवटी, नाहीतर त्याचं तेल सुटून गोळा होतो. आपल्या वऱ्हाडात जवसाची चटणी घरोघरी होते, पण मिठाशिवाय ती कोणी केलेली मी पाहिली नव्हती. कुटता कुटता अम्मींचा हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला, थांबला आणि परत आला. त्या म्हणाल्या, "लहसुन थोडा ज़्यादा डाल देते हैं." त्या संध्याकाळी त्या बाहेर येऊन तख्तावर बसल्या आणि मसाला त्यांनीच टाकला.

मग त्यांच्या आठवणी निघाल्या. त्यांच्या माहेरी, पुसदकडच्या खेड्यात, मक्याच्या लाह्या कोणाला माहीत नव्हत्या. लाह्या म्हणजे ज्वारीच्या. आदल्या रात्री ज्वारीवर कडकडीत पाणी ओतायचं, लगेच उपसायचं आणि ओली ज्वारी फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी सावलीत थोडी कोरडी करून, कढई खूप तापवून एक-एक मूठ टाकायची आणि जाड फडक्याच्या बोळ्याने दाबत हलवायची. नागपंचमीला शेजारच्या घरांतून या लाह्या ताटात झाकून यायच्या आणि ईदला इकडून शिरखुर्मा जायचा. मक्याचा दाणा मूळचा मेक्सिकोकडचा, समुद्रापलीकडून आलेला. ज्वारी कितीतरी आधीपासून आपल्या शिवारातली. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शाळेत मी ज्वारीवर निबंध लिहून घेतले होते. पण लाही कशी फुटते ते मला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला मी विचारलं नव्हतं. जिथे ज्वारी डोलायची तिथे आता कापूस आणि सोयाबीन आहे. आम्ही बाजारातून दोन-तीन प्रकारची ज्वारी आणून पाहिली. सगळी फुटत नाही, निम्मे दाणे तसेच राहतात. जी फुटली ती इवलीशी, भुरभुरीत, आणि तिला भाजल्याचा असा खमंग वास की मसाला नसला तरी चालेल.

ज्यांच्या घरी बीपीचं माणूस आहे त्यांच्यासाठी थोडं सावधगिरीचं. काळं मीठ आणि सैंधव यांना लोक औषधी समजतात, पण तेही मीठच, सोडियम त्यातही आहेच. बाजारातल्या चाट मसाल्यात आणि पेरी-पेरीच्या पाकिटात मीठ भरपूर असतं. पाकिटामागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ, असा हिशेब धरा. कमी सोडियमचं मीठ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं. ते किडनीच्या रुग्णांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि चार वर्षांच्या आतल्या बाळांना लाह्या देऊ नका, घशात अडकतात.

लाह्यांवरून हळूहळू बाकीचं आलं. आता कणीक एकदाच मळते, बिनमिठाची, सगळ्यांसाठी. सालनात मीठ निम्म्यावर आलंय आणि चिंच, कैरी, लिंबू वाढलंय. पहिले पंधरा दिवस यांना जेवण बेचव लागलं, तसं ते बोलूनही दाखवायचे. काही आठवड्यांत जीभ सरावली. आता दावतीला बाहेर जेवलो की यांनाच पहिल्यांदा खारट लागतं. मिठाचा पुडा पंचवीस दिवसांवरून बेचाळीस दिवसांवर गेला, हे मुलीने वहीत तारखा लिहून ठेवल्यामुळे सांगू शकते.

२०२५ च्या मार्चमध्ये रमजान आला. डॉक्टरांना विचारून अम्मींच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारच्या वेळांवर बसवून घेतल्या आणि त्यांनी रोजे ठेवले. सेहरीत खारट कमी झाल्याने दिवसा तहान कमी लागते, असं त्या स्वतःच सांगायच्या. तरावीहनंतर शेजारच्या भाभी आणि त्यांच्या सुना यायच्या तेव्हा तोच गंज मध्ये यायचा. एका रात्री भाभींनी विचारलं, "हा मसाला कुठल्या दुकानातून आणला?" अम्मी म्हणाल्या, "दुकान का नहीं, मेरे हाथ का है." भाभींना त्यात मीठ नसल्याचं कळलंच नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्मींनी त्यांना जवसाच्या मसाल्याची बरणी भरून पाठवली आणि माझ्या मुलाकडून निरोप दिला, "इसमें नमक मत डालना."

अम्मींचा बीपी आता १४० च्या आसपास असतो. गोळ्या चालू आहेत, त्या बंद होणार नाहीत आणि कोणी स्वतःच्या मनाने बंद करूही नयेत. हे लाह्यांनी झालं असं मी म्हणत नाही. गोळ्यांचं काम गोळ्यांनी केलं. पण माणूस पथ्य किती दिवस पाळेल हे त्याला कोणाच्या सोबत खायला मिळतं यावर बरंच ठरतं, एवढं मी आमच्या घरात पाहिलं.

तुमच्याही घरी पथ्याचा एखादा वेगळा कटोरा निघत असेल. आज संध्याकाळी तो काढू नका. आमचूर-जिऱ्यापासून सुरुवात करा, सगळ्यांसाठी एकच गंज ठेवा, आणि त्यात काय नाही ते बोलून दाखवू नका. मसाला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हाताने टाकायला लावा.

आमच्याकडे अम्मी अजूनही अधूनमधून म्हणतात, "थोड़ा नमक होता तो..." त्यावर कोणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली असतात. त्यांचंही.